नवी आवृत्ती घेतल्यावर माहितीपटाचा प्रोजेक्ट मोडला. तो परत कसा उभा करावा?

गिरणगावकर :

नमस्कार. मी लालबागला राहतो आणि घरूनच संकलनाची कामे घेतो. गेली दोन वर्षे गिरणी कामगारांच्या कुटुंबांवरील एका माहितीपटाचे काम चालू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ज्या बायकांनी खाणावळी चालवून घर सावरले, त्यांच्या मुलाखती हा त्याचा गाभा आहे. टाइमलाइन, म्हणजे क्लिप क्रमाने लावून केलेली मांडणी, ७४ मिनिटांची आहे. दिग्दर्शकांनी संकलन मंजूर केले आहे, केवळ रंगदुरुस्ती आणि ध्वनीचे अंतिम मिश्रण बाकी आहे, आणि पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारी परळच्या एका सभागृहात तो प्रथम त्या कुटुंबांनाच दाखवायचे ठरले आहे.

रविवारी रात्री संकलनाच्या प्रोग्रॅमने नवी मुख्य आवृत्ती आल्याचे कळवले आणि मी, काम उरकल्याच्या आनंदात असेल, होकार दिला. जुनी आवृत्ती काढून टाकण्याचा पर्याय आधीपासूनच निवडलेला होता, तो मी पाहिला नाही. सकाळी प्रोजेक्ट उघडताना ‘हा प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत रूपांतरित करावा लागेल’ अशी सूचना आली. तिलाही होकार दिला. (प्रोग्रॅमचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव घेतले की चर्चा ‘तो वापरताच कशाला’ या वळणावर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.)

आता स्थिती अशी आहे. मुलाखत देणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्यांत ‘गिरणी’ हा शब्द ‘गरिणी’ असा दिसतो, ‘वस्ती’मधील जोडाक्षर सुटून ‘वस्‌ती’ झाले आहे आणि ‘दुसऱ्या पाळीतील साचेवाला’ ही ओळ तर वाचतासुद्धा येत नाही. अकरा क्लिपच्या जागी लाल पाटी आली आहे, वास्तविक त्या फाइली डिस्कवर जागच्या जागी आहेत आणि मॅकच्या फाइंडरमधून (फाइली दाखवणाऱ्या खिडकीतून) उघडतातही. एका आजींच्या ४२ मिनिटांच्या सलग मुलाखतीत सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, परंतु दहाव्या मिनिटाला आवाज अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक मागे पडतो आणि शेवटास जवळजवळ अडीच सेकंद. याशिवाय रात्रीच्या चित्रीकरणातील दाणे कमी करण्यासाठी विकत घेतलेले प्लगइन (संकलनाच्या प्रोग्रॅमला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) पूर्णपणे गायब आहे.

मी घाबरून त्या अकरा क्लिप पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला, मग तो सोडून शीर्षके नव्याने टंकायला घेतली आणि मध्ये दोन वेळा प्रोजेक्ट सेव्हही केला. संगणक ॲपलच्या एम मालिकेतील चिपचा आहे. सगळे काम पहिल्यापासून करावे लागेल का, एवढेच मला आधी कळायला हवे आहे.

अंधेरीची कात्री :

पहिल्यापासून करावे लागणार नाही. मात्र हे उत्तर वाचून होईपर्यंत प्रोजेक्टमध्ये काहीही बदलू नये आणि सेव्ह तर मुळीच करू नये.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आपले चित्रीकरण नसते. कोणती फाइल कोठे आहे, तिचा कोणता तुकडा कोणत्या क्षणी लावायचा, त्यावर कोणती प्रक्रिया करायची, याचे ते टिपण असते. दोन वर्षांचा ५-६ टेराबाइटचा पसारा असला तरी हे टिपण काही मेगाबाइटचेच असते. नव्या आवृत्तीने त्या टिपणाची भाषा बदलली. मूळ चित्रीकरणाला आणि ध्वनीला तिने हात लावलेला नाही. ते शाबूत असेपर्यंत धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता पहिले काम. प्रोजेक्टच्या शेजारी स्वयंसेव्हचे फोल्डर असते, त्यात रविवार संध्याकाळपूर्वीच्या प्रती असतील. त्या जुन्या भाषेतच आहेत. या फोल्डरात ठरावीक संख्येपेक्षा अधिक प्रती साठत नाहीत, सर्वांत जुनी प्रत पुसून तेथे नवी ठेवली जाते, त्यामुळे नव्या आवृत्तीत आपण जितका वेळ प्रोजेक्ट उघडा ठेवाल तितक्या या जुन्या प्रती कमी होत जातील. म्हणून प्रोग्रॅम बंद करून ते संपूर्ण फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. रूपांतर करताना बरेच प्रोग्रॅम मूळ फाइल तशीच ठेवून नव्या नावाने दुसरी तयार करतात, तेव्हा तीही शोधावी.

दुसरे काम म्हणजे जुनी आवृत्ती पुन्हा बसवणे. बहुतेक निर्माते आपल्या खात्यातून मागील मुख्य आवृत्ती उतरवू देतात. नवी न काढता जुनी तिच्या शेजारी बसवावी आणि तीत रविवारची प्रत उघडावी. ती नीट उघडली, तर आपले माहितीपटाचे काम तेथेच पूर्ण करावे. नवी आवृत्ती पुढच्या कामासाठी राहू द्यावी.

आपण सांगितलेले दोष मला एकाच आजाराची लक्षणे वाटत नाहीत. अद्ययावतीकरणानंतर सगळे एकाच सकाळी दिसले म्हणून ते एकत्र वाटतात, एवढेच. अकरा क्लिपचे घ्या. त्या अकराही एकाच बाह्य डिस्कवर आहेत का, हे पाहावे. मॅकच्या कार्यप्रणालीत २०१९ च्या कॅटॅलिनापासून प्रत्येक प्रोग्रॅमला बाह्य डिस्क वाचण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि नवी आवृत्ती हा कार्यप्रणालीच्या लेखी नवा प्रोग्रॅम ठरू शकतो. त्या वेळी आलेल्या चौकटीत घाईने नकार दिला गेला असेल, तर फाइंडरला फाइल दिसेल आणि संकलनाच्या प्रोग्रॅमला दिसणार नाही. सिस्टम सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या विभागात ‘फाइल्स अँड फोल्डर्स’ खाली ही परवानगी देता येते. क्लिप हाताने पुन्हा जोडण्याची गरज पडू नये. उलट तसे करताना त्याच नावाची भलतीच फाइल जोडली जाण्याचा धोका असतो, कारण कॅमेरे प्रत्येक कार्डावर तीच क्रमांकांची नावे पुन्हा देतात.

प्लगइनबाबत मात्र मी आशा दाखवणार नाही. इंटेल चिपसाठी बनलेले प्लगइन, संकलनाचा प्रोग्रॅम रोझेटामार्फत (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम एम चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीमार्फत) चालत असेपर्यंत चालते. नवी आवृत्ती थेट एम चिपवर चालू लागली की ते प्लगइन तिला वाचताच येत नाही. प्लगइनच्या निर्मात्याने नवी प्रत काढली आहे का, ते पाहावे.

दादर पश्चिम :

इतका खटाटोप कशाला? अनेक प्रोग्रॅमांची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून लहान केलेले एक्सएमएलच, म्हणजे खुणा घातलेला मजकूरच, असते. ती उलगडावी, साध्या मजकूर-संपादकात उघडावी, सुरुवातीला असलेला आवृत्तीचा क्रमांक बदलून जुना लिहावा आणि सेव्ह करावी. जुनी आवृत्ती ती निमूटपणे उघडते. मी दोन वेळा केले आहे.

अंधेरीची कात्री :

मीही केले आहे, आणि एकदा त्यात फसलोही आहे. क्रमांक बदलल्याने फाइलची भाषा बदलत नाही, केवळ दारावरचा पहारेकरी फसतो. आतील एखादा घटक जुन्या आवृत्तीला कळला नाही, तर ती तो गुपचूप वगळते. टाइमलाइन उघडते, सर्व ठीक दिसते आणि चार दिवसांनी कळते की एका दृश्यावरील रंगदुरुस्ती नाहीच.

ही भाषा किती खोलवर बदलू शकते, याचे उदाहरण म्हणून केडीएनलाइव्ह या मुक्त प्रोग्रॅमकडे पाहता येईल. काही देशांत दशांश लिहिताना टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, आणि प्रोजेक्टच्या फाइलींत दोन्ही प्रकारचे आकडे शिरल्याने गोंधळ होत असे. २०२० च्या ऑगस्टमधील २०.०८ या आवृत्तीत त्यांनी तो कायमचा निस्तरला, परंतु त्यानंतरच्या फाइली आधीच्या आवृत्तींत उघडत नाहीत. दुरुस्ती योग्यच होती. पण एका टिंबापायी परतीची वाट बंद झाली, आणि तिथे वरचा क्रमांक बदलून काय साधणार?

रविवारची प्रत हाती असताना हा मार्ग धरण्याचे काही कारण नाही. ती प्रत मुळीच सापडली नाही, तर नव्या आवृत्तीतून टाइमलाइन एक्सएमएल किंवा एएएफ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात बाहेर काढून जुनीत आणावी. काप आणि जागा टिकतील. शीर्षके, प्लगइन आणि बरीचशी रंगदुरुस्ती टिकणार नाही. ईडीएलच्या, म्हणजे कापांच्या साध्या यादीच्या, वाटेला जाऊ नये. सीएमएक्स ३६०० ही त्याची प्रचलित पद्धत चित्राचा एकच थर ओळखते, आणि माहितीपटात मुलाखतीवर जुनी छायाचित्रे ठेवलेली असतातच.

अक्षरवेल्हाळ :

शीर्षकांविषयी मी लिहितो, कारण बाकीच्या बाबतींत मला गती नाही आणि हा विषय मराठी संकलकाखेरीज कोणी मनावर घेत नाही.

‘गिरणी’चे ‘गरिणी’ होणे हा फाँटचा दोष नाही. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) ‘गि’ साठवताना आधी ‘ग’ आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर ती वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेऊन बसवणे, जोडाक्षरे जुळवणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, ही कामे प्रोग्रॅममधील मजकूर रचणारे इंजिन करते. ते इंजिन रोमन लिपीपुरते असेल, तर अक्षरे साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडली जातात. मग ‘ग’ची वेलांटी ‘र’च्या डावीकडे येते आणि वाचणाऱ्याला ‘गरिणी’ दिसते. ‘वस्ती’चे हलन्त उघडे पडले, तेही याच कारणाने.

काही प्रोग्रॅमांत दक्षिण आशियाई लिपींसाठी वेगळे इंजिन असते आणि ते प्रेफरन्समधील ग्राफिक्सच्या विभागातून निवडावे लागते. नवी आवृत्ती प्रेफरन्स पूर्ववत करते, तेव्हा ही निवडही पुसली जाते. आपल्याकडे तसेच झाले असावे. आपण काही पट्ट्या नव्याने टंकल्या आहेत असे लिहिले आहे, ते आता थांबवावे. मजकूर आत बरोबरच आहे. एखाद्या मोडक्या पट्टीतील ‘गरिणी’ उचलून साध्या नोंदवहीत चिकटवून पाहावी. तेथे ती ‘गिरणी’ अशी सरळ दिसली, तर दोष केवळ मांडणीचा आहे, हे सिद्ध होईल.

‘दुसऱ्या’ची गोष्ट थोडी निराळी आहे. हा अर्धा र, ज्याला काही जण पापणीतला र म्हणतात, दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ येतात. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचे न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’ येतात. फाइलचे रूपांतर करताना न दिसणारी चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकली गेली, तर दुसऱ्या प्रकाराने टंकलेल्या शब्दांत रफार उमटतो आणि ‘दुसर्या’ असे होते. इंजिन बदलूनही हे शब्द दुरुस्त होणार नाहीत. त्यांना शोधून ‘ऱ’ने टंकावे लागेल. हिंदीत हे अक्षर लागत नाही, त्यामुळे कोणाच्या चाचणीत ते पकडले जाण्याची शक्यताही कमीच.

आणखी एक पाहावे. ‘लालबाग’ हा शब्द एखाद्या पट्टीत असेल, तर त्यातील दोन्ही ‘ल’ मराठी वळणाचे आहेत ना? काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तरच मराठी वळण दिसते. ती नोंद गळली की हिंदी वळण येते. चूक म्हणता येणार नाही, परंतु गिरणगावातल्या प्रेक्षकांसमोर लालबागचा ‘ल’ परका दिसू नये, असे मला तरी वाटते.

जुन्या श्रीलिपीसारख्या गैर-युनिकोड फाँटात काही शीर्षके असतील, तर त्यांना हे काहीच लागू नाही. तेथे फाँट सापडला नाही की सरळ रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

ध्वनिवेध :

मी ध्वनीचे काम करते, म्हणून आजींच्या मुलाखतीबद्दल. आपण दिलेले आकडेच उत्तर सांगतात. सेकंदाला तीस आणि २९.९७ फ्रेम (चित्रे) या गतींतील फरक एक हजारांश आहे. दहा मिनिटांचे सेकंद सहाशे, त्याचा हजारांश ०.६ सेकंद. ४२ मिनिटांचे सेकंद २५२०, म्हणजे अडीच सेकंद. आपली दोन्ही मोजमापे यात नेमकी बसतात. ती क्लिप २९.९७ वर चित्रित झालेली आहे आणि नवी आवृत्ती तिला ३० समजून थोडी वेगाने चालवते आहे. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असणार, त्यामुळे तो आपल्या गतीने चालतो आणि चित्राच्या मागे पडतो.

मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइल उघडून गती पाहावी आणि प्रोग्रॅममध्ये त्याच क्लिपची गती काय नोंदली आहे, ते शेजारी ठेवावे. फरक निघाल्यास क्लिपच्या गुणधर्मांत २९.९७ असे स्वहस्ते लिहावे. आवाज ताणून किंवा कापून जुळवण्याच्या फंदात मात्र पडू नये. गती दुरुस्त होताच तेच काप उलट्या दिशेने चुकतील.

मीडियाइन्फोत ‘व्हेरिएबल’ (बदलती गती) असे आले, म्हणजे चित्रीकरण फोनचे असेल, तर प्रश्न वेगळा आहे. मग ती फाइल एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमने स्थिर गतीची करून घ्यावी लागेल.

एक शंका विचारते. आपल्याकडे सारे २५ वर चित्रित करतात, मग ही एकच मुलाखत २९.९७ वर कशी? तिच्यात ट्यूबलाइटची लुकलुक दिसते का? ती गती आपल्याकडच्या विजेशी जुळत नाही, म्हणून विचारते.

गिरणगावकर :

सर्वांचे मनापासून आभार. तीन रात्री गेल्या, पण बहुतेक सुटले.

रविवारी संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांची स्वयंसेव्ह प्रत मिळाली. तिच्याआधीच्या प्रती माझ्या सोमवारच्या धडपडीत पुसल्या गेल्या होत्या, आणि जुन्या भाषेतील हीच एक उरली होती. जुनी आवृत्ती मात्र या संगणकावर बसली नाही, कारण मधल्या काळात कार्यप्रणालीही पुढे गेली आहे आणि जुनी आवृत्ती तिच्यावर सुरू होताच बंद पडते. त्यामुळे नव्या आवृत्तीतच ती प्रत शांतपणे पुन्हा रूपांतरित केली आणि एकेक दोष घेतला.

अकराच्या अकरा क्लिप लॅमिंग्टन रोडवरून गेल्या पावसाळ्यात आणलेल्या डिस्कवरच होत्या. परवानगीची कळ चालू केली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि लाल पाट्या गेल्या. एकही क्लिप हाताने जोडावी लागली नाही. सोमवारी मी हाताने जोडलेल्या दोन क्लिप मात्र नावसाधर्म्यामुळे खरोखरच चुकीच्या निघाल्या. करी रोडच्या पुलाऐवजी तेथे कोणाच्या तरी बारशाचे चित्रीकरण होते.

इंजिन बदलल्यावर ‘गिरणी’ जागेवर आली. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ असे शब्द असलेल्या एकोणीस पट्ट्या पुन्हा टंकल्या. ‘लालबाग’चे दोन्ही ‘ल’ हिंदी झालेले होते, आणि आपण लिहिले नसते तर ते माझ्या लक्षातही आले नसते.

आजींच्या क्लिपची गती प्रोग्रॅम ३० दाखवत होता, मीडियाइन्फो २९.९७. दुरुस्त करताच शेवटच्या वाक्यापर्यंत ओठ जुळले. आणि हो, लुकलुक आहे. त्या दिवशी कॅमेरा मागून आणलेला होता आणि त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहून गेली होती. आजींच्या मागच्या भिंतीवर पाहिले की ट्यूबलाइटचे पट्टे हळूहळू वर सरकताना दिसतात. दोन वर्षे मी ते जुन्या खोलीचे वातावरण समजत होतो.

प्लगइनचे उत्तर मिळालेले नाही. निर्मात्याने नवी प्रत ‘लवकरच’ येईल असे कळवले आहे.

अंधेरीची कात्री :

प्लगइन किती शॉटवर आहे? पाच-दहाच असतील, तर नव्या प्रतीची वाट पाहू नये. जुनी आवृत्ती आणि ते प्लगइन असलेला संगणक कोणाकडे आहे का, ते विचारावे. तेवढेच शॉट तेथे प्रोरेस ४२२ या व्हिडिओ-स्वरूपात रेंडर करून (प्रक्रियेसह नवी फाइल बनवून) आणावेत आणि मूळ शॉटच्या वर ठेवावेत. मूळ शॉट खालच्या थरावर तसाच राहू द्यावा.

आणि संपूर्ण ७४ मिनिटांची एक प्रतही त्याच स्वरूपात आजच काढून ठेवावी. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राला आणि सेकंदाला २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ चा वेग सेकंदाला साधारण १२२ मेगाबिट आहे, म्हणजे फाइल सुमारे ६८ जीबीची होईल. उद्या प्रोजेक्ट उघडलाच नाही, तरी शनिवारी ती फाइल दाखवता येते.

गिरणगावकर :

शॉट सातच आहेत. डोंबिवलीला एका मित्राकडे जुना संगणक आहे, त्याने गेली दोन वर्षे काहीच अद्ययावत केलेले नाही आणि त्यावरून मी त्याची पुष्कळ चेष्टा केली आहे. सकाळच्या लोकलने डिस्क घेऊन त्याच्याकडे निघतो आहे. ६८ जीबीची फाइल रात्री लावून ठेवली होती, ती आत्ता पूर्ण झाली. पट्ट्या एकदा डोळ्यांखालून घालतो आणि निघतो.